चकमकीची बंदूक: रंजूक पेटते, पण बार उडत नाही

चाप ओढला, घोडा पडला, प्याल्यात भडका उडाला, डोळ्यांसमोर पांढरा धूर आला आणि नळीतून काहीच निघालं नाही. ठासणीच्या चकमकी बंदुकीने शिकार करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आणि बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर सुरू होणारा चकमकीच्या बंदुकांचा हरणांचा हंगाम १९७४ पासून चालत आलाय. कडाक्याची थंडी, ओला बर्फ, धुकं आणि तासन्‌तास एका जागी बसणं, या सगळ्यात हा दोष हमखास डोकं वर काढतो. पुढचं निवारण त्या हंगामासाठी आहे.

या दोषापायी लोक आधी महागडी गार विकत घेतात, मग लॉकच्या, म्हणजे घोडा-फ्रिझनच्या यंत्रणेच्या, स्प्रिंगला हात घालतात आणि शेवटी बंदूकच विकायला काढतात. दोष बहुतेक वेळा यांतल्या कशातच नसतो. तो असतो प्याला आणि नळीतला बार यांच्यामधल्या जेमतेम पाव इंचाच्या वाटेत. ओल, तेल किंवा जळकी काजळी, तिघांपैकी कोणीतरी तिथे बसलेलं असतं. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची.

कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे इथला शिकारीचा भाग फक्त अमेरिकेतल्या परवानाधारकांसाठी. तिथेही दरवर्षीचं राज्याचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय रानात जाऊ नका.

शब्दांबद्दल थोडं. नळीच्या बुडाशी बाजूला जे बारीक भोक असतं त्याला कान म्हणतात. गडावरच्या तोफांच्या कानात खिळे ठोकायचे, तोच हा कान. कानाबाहेरच्या वाटीला प्याला आणि प्याल्यातल्या बारीक दारूला रंजूक. घोड्याच्या जबड्यात असते ती गार, म्हणजे चकमकीचा दगड. गार ज्या पोलादी पट्टीवर आपटते आणि जी प्याल्यावर झाकणासारखी बसते, तिला सगळेच फ्रिझन म्हणतात, तोच शब्द ठेवलाय.

लक्षणं: आधी नेमकं काय झालं ते आठवा

"बंदूक उडाली नाही" एवढं सांगून काही कळत नाही. पाच वेगळे प्रकार असतात.

घोडा पडला पण ठिणगीच नाही, किंवा दोन-चार मरतुकड्या लाल ठिणग्या: गार किंवा फ्रिझन.

ठिणग्या भरपूर, पण रंजूक पेटलीच नाही: रंजूक ओली, किंवा ठिणग्या प्याल्याबाहेर पडताहेत.

रंजूक पेटली, बार नाही: कान बुजलाय, बुडात तेल किंवा ओल आहे, किंवा नळीत दारूच नाही. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

रंजूक पेटली, फुस्स आवाज, आणि मग क्षणभराने बार: कान अर्धवट बुजलाय किंवा रंजुकीने भरलाय. शिकारीत हा प्रकार सगळ्यांत वाईट. त्या क्षणभरात नेम हलतो आणि खांद्यामागे लागायची गोळी पोटात लागते. असं जखमी हरीण मैलभर जाऊन मरतं आणि सापडतही नाही. म्हणून "उडाली ना शेवटी" असं म्हणून हा दोष सोडून देऊ नये.

पहिला बार ठीक, दुसरा-तिसरा नाही: बुडात साका जमतोय. आणि सकाळी भरलेली बंदूक दुपारी उडत नसेल, तर ओल.

तपासणीआधी, त्याच क्षणी

बार उडाला नाही की बंदूक खांद्यावरून उतरवू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान २ मिनिटं थांबा. कानात अडकलेला निखारा सावकाश जळत आत जाऊ शकतो. नळीत डोकावू नका, नळीत फुंकू नका, कानासमोर कोणी उभं राहू नये. कानातून बाजूला निघणारी आग हातभर लांब जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दोन मिनिटं झाली की घोडा अर्ध्यावर घ्या, फ्रिझन उघडा, प्याला पुसा. मग पुढचं.

१. गजावरची खूण

हिला पैसे पडत नाहीत आणि वेळही लागत नाही. म्हणून पहिली. गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, नळीत सोडा आणि तोंडाशी किती बाहेर राहतो ते पाहा. प्रत्येक गजावर दोन खुणा असाव्यात: एक रिकाम्या नळीची, दुसरी तुमच्या नेहमीच्या भरतीची. नसतील तर आजच करा, चाकूने बारीक रेघ पुरते.

गज "रिकामी" खुणेपेक्षा फक्त गोळी आणि तिच्याभोवतीच्या चिंधीच्या जाडीएवढा वर राहिला, तर दारू घालायचीच राहिली आहे. थंडीत, घाईत, बोटं बधिर झालेली असताना हे भल्याभल्यांकडून होतं.

गज "भरलेली" खुणेपेक्षाही वर राहिला, तर गोळी दारूवर टेकलेली नाही. हे धोक्याचं. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली आणि बार उडाला, तर नळी तिथे फुगते, कधी फाटते. गोळी खुणेपर्यंत बसल्याशिवाय पुन्हा रंजूक घालायची नाही.

गज ढकलताना तोंडापासून वीतभर अंतरावर धरून छोट्या छोट्या दाबांनी खाली न्या. वरच्या टोकाला धरून जोर लावला की लाकडी गज तिरका मोडतो आणि त्याचं भालं तळहातात घुसतं.

२. कानकोरणी

अक्षरशः कानकोरणी. जाड तार, शक्यतो पितळेची, कानातून सहज जाईल एवढी. ती कानात घालून आतल्या दारूत टोचा. कुरकुरीत दाणे लागल्यासारखं वाटलं तर ठीक. मऊ, चिकट लागलं किंवा टोकाला काळा चिखल आला तर आतली दारू ओली झाली आहे, आणि नुसती नवी रंजूक घालून ती पेटणार नाही. टक्‌ असा कठीण आवाज आला तर आत साका आहे किंवा गोळीच कानाला भिडली आहे.

दाणे कोरडे असतील तर कानकोरणी दोन-तीनदा फिरवून काढा, नवी रंजूक घाला, नेम धरा आणि उडवा. पुष्कळदा काम इथेच भागतं.

कान मुळात बुजतो कसा, हेही समजून घ्या. बारांच्या मध्ये नळी पुसताना ओल्या चिंधीसकट घट्ट जॅग (चिंधी धरायचं गजाच्या टोकाचं बोंड) खाली दाबला, की तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा काजळीचा चिखल बुडात आणि कानात ढकलतो. दोन उपाय आहेत. चिंधी ओली नको, जेमतेम दमट हवी, आणि जॅग किंचित लहान हवा, म्हणजे खाली जाताना काजळीवरून सरकतो आणि वर येताना चिंधी गोळा होऊन काजळी ओढून आणतो. त्यानंतर भरताना कानात कानकोरणी किंवा पिसाचा दांडा घालून ठेवा. ती काढली की दारूत आयती वाट राहते. भरून झाल्यावर ती काढायला मात्र विसरू नका.

३. रंजूक: किती, कुठे, कधी बदलायची

तीन ग्रेन, म्हणजे अंदाजे ०.२ ग्रॅम, पुरे. प्याला तिसरा हिस्सा भरला की थांबा. जास्त रंजूक म्हणजे जास्त खात्री असं वाटतं, पण होतं उलटं. बार पेटतो तो प्याल्यातल्या भडक्याची झळ कानातून आत शिरल्यामुळे. कान रंजुकीने भरून गेला की झळ आत शिरत नाही, दारू वातीसारखी दाण्यामागून दाणा जळत जाते. तो जो फुस्स आवाज येतो, तो याचाच. कान दिसत राहिला पाहिजे. रंजूक घातल्यावर बंदूक गारेच्या विरुद्ध बाजूला तिरकी करून झटकू नका, त्याने रंजूक कानात सरकते.

रंजूक फोर-एफ, म्हणजे सर्वांत बारीक दाण्याची. ती चटकन पेटते.

आता नीट लक्ष द्या, कारण रानातले बहुतेक बार इथे हुकतात. कोरी काळी दारू फार ओल ओढत नाही. ओल ओढते ती जळलेल्या दारूची राख. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वजनाचा घन अवशेष उरतो आणि त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी शोषतात. दमट दिवशी बार उडाल्यावर दहा मिनिटांनी प्याल्यात बोट फिरवून पाहा, काळी शाई लागेल. त्या शाईवर नवी रंजूक टाकली की तिचीही शाई होते. म्हणून प्रत्येक बारानंतर प्याला, फ्रिझनची खालची बाजू आणि गारेची धार कोरड्या फडक्याने पुसायची. प्याल्यात राख राहिली असेल तर सर्वांत महाग दारूही काम करणार नाही.

कोरड्या थंडीत रंजूक तासाने बदलली तरी चालते. धुकं, रिमझिम किंवा वितळता बर्फ असेल तर वीस-तीस मिनिटांनी बदला: फ्रिझन उघडा, झटका, पुसा, कान टोचा, नवी घाला. पाहिजे तर लॉकवर मेण लावलेलं चामड्याचं झाकण बांधा आणि बसल्या जागी लॉक काखेत धरा. प्याल्याच्या कडेला मेण-चरबीचा अगदी पातळ हात दिला तर फ्रिझन बसल्यावर फट बंद होते. जाड थर दिला तर तीच चरबी रंजुकीत मिसळते.

४. तेल: पहिला बार हुकण्याचं कारण

कपाटातून काढून तेलकट बंदूक तशीच भरली, की पहिला बार गेला म्हणून समजा. नळीतलं तेल महिनोन्‌महिने हळूहळू खाली उतरून बुडात साठतं आणि दारूचे पहिले दाणे भिजवतं.

भरण्याआधी दोन-तीन कोरड्या चिंध्या, मग अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेली एक, मग पुन्हा कोरडी. कानातून पाइप क्लीनर घालून आतलं तेल टिपा. मग रिकाम्या नळीवर, गजाने रिकामी असल्याची खात्री करून, नुसती रंजूक घालून एकदा उडवा. तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली तर वाट मोकळी. निघाली नाही तर पुन्हा पुसा. नंतर एक कोरडी चिंधी फिरवा आणि मगच भरा.

हंगाम संपल्यावर बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली करा. तेल तोंडातून गळेल, बुडात जाणार नाही. या एका सवयीने वर्षानुवर्षांची तक्रार मिटल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

५. गार

हे काम बंदूक रिकामी असतानाच. ठिणगी ही दगडाची नसते. गारेची धार फ्रिझनच्या पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. म्हणून धार हवी, आणि ती फ्रिझनवर पूर्ण रुंदीने एकदम टेकायला हवी.

घोडा अर्ध्यावर, फ्रिझन बंद. गारेची धार फ्रिझनपासून साधारण एक अष्टमांश इंचाच्या आत, पण न टेकता. धार फ्रिझनला समांतर. एक कोपरा पुढे असेल तर फ्रिझनवर एकाच बाजूला ओरखडे दिसतील. नळीच्या बाजूला गार नळीला घासता कामा नये. घोडा सावकाश खाली सोडून पाहा: धार फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लागून खाली घसरत यावी आणि शेवटी प्याल्याच्या मध्याकडे रोखलेली असावी. फार वर किंवा फार खाली लागत असेल तर गार उलटी करून बसवा, तिची तिरपी बाजू वर किंवा खाली केल्याने उंची बदलते.

गार चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून बसवा. नवं चामडं दबतं, म्हणून पाच-सहा वेळा घोडा पाडल्यावर स्क्रू पुन्हा आवळा. सैल गार हे बार हुकण्याचं फारच साधं कारण आहे.

अंधाऱ्या खोलीत रिकाम्या बंदुकीचा घोडा पाडून ठिणग्या पाहा. पांढऱ्या-पिवळ्या, तडतडत प्याल्यात पडणाऱ्या हव्यात. लाल आणि अर्ध्यातच विझणाऱ्या असतील तर आधी फ्रिझन अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल, चिंधीची चरबी तिथे हमखास लागते. तरीही फरक पडला नाही तर गारेची धार काढा: पितळी सळईच्या टोकाने धारेवर खालच्या बाजूने हलके टिचके मारून बारीक कपच्या उडवायच्या, चष्मा घालून. नवी गार स्वस्त असते, धार काढण्यात तास घालवू नका. खिशात दोन गारा आणि एक स्क्रूड्रायव्हर असावा.

६. दारू कोणती

चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारख्या बदली दारूला पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीच्या (गारेऐवजी स्फोटक टोपी फोडून बार पेटवणाऱ्या) किंवा इन-लाइन (टोपी थेट बाराच्या मागे असलेल्या) बंदुकीत ती मिळते, प्याल्यातल्या भडक्यात नाही. दुकानात खरी काळी दारू मिळाली नाही म्हणून बदली दारू भरली आणि मग आठवडाभर लॉकला दोष दिला, असं फार होतं. डब्यावरचं नाव वाचा.

०.५० इंच कॅलिबरला टू-एफ किंवा थ्री-एफ. ०.४५ आणि त्याखाली थ्री-एफ. ०.४९० इंचाची गोल गोळी, ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी आणि ७० ग्रेन, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम, ही ०.५० साठी नेहमीची सुरुवात. तुमच्या नळीच्या कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा हाच शेवटचा शब्द. दारू मापाने मोजा, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नका. आत निखारा असला तर शिंगच हातात फुटतं.

आधुनिक निर्धूर दारू या बंदुकीत चिमूटभरही नको. नळी फुटते, माणूस जातो.

७. बुडातला साका

पहिला बार उडतो, तिसरा अडतो, अशी तक्रार असेल तर इथे पाहा. कारखान्यात तयार झालेल्या पुष्कळ बंदुकांचं बूड सपाट नसतं. तिथे नळीपेक्षा अरुंद कोठी असते आणि कान त्या कोठीत उघडतो. ०.५० चा जॅग त्या कोठीत जातच नाही. वरची नळी आरशासारखी स्वच्छ, आणि खाली कोठीत वर्षभराचा साका दगडासारखा. नळी धुतली की काम झालं, असं समजणारे इथेच फसतात.

बुडात कोठी आहे की नाही ते कळायला गजाला पातळ, ०.३० कॅलिबरचा ब्रश लावून खाली सोडा. जॅगपेक्षा तो इंचभर जास्त खोल गेला तर कोठी आहे. मग तोच ब्रश, त्यावर छोटी चिंधी गुंडाळून, ही तुमची खरी सफाई.

धुवायची रीत: लॉक काढा. कानात काडी खोचा. नळीत कोमट पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण, पाच मिनिटं ठेवा, हलवा, ओता. तीन-चार वेळा. उकळतं पाणी नको, त्याने पाहता पाहता तांबूस गंज धरतो. मग कोठीचा ब्रश, मग चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत. मग कोरड्या, मग अल्कोहोल, मग तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी एक चिंधी पुन्हा फिरवा. तपकिरी आली तर पुन्हा धुवा.

चिंधीला वंगण मेण आणि चरबीचं. खनिज तेलाचं वंगण काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखा थर करतं. तेही बेताने. थबथबलेली चिंधी तासन्‌तास दारूवर बसली की दारूचा वरचा थर चिकट होतो. दिवसभर भरून बसायचं असेल तर दारू आणि गोळी यांच्यामध्ये कोरड्या लोकराची चकती घाला.

८. थंडीतून उबेत

उणे पाच अंशांतून बंदूक उबदार घरात किंवा गाडीत आणली की थंड नळीवर, आतून-बाहेरून, दव जमतं. पुन्हा बाहेर नेली की तेच दव कानात गोठतं. सकाळी कोरडी भरलेली बंदूक जेवणानंतर उडत नाही, ती यामुळे. दुपारी घरी यायचं असेल तर बंदूक थंड आणि कुलूपबंद जागीच राहू द्या.

काही राज्यांचा कायदा रंजूक काढलेली चकमकीची बंदूक रिकामी मानतो. ती कायद्याची व्याख्या झाली. नळीत बार आहे तोवर घरातली माणसं आणि पोरं यांच्यासाठी ती भरलेलीच. दिवसाच्या शेवटी जिथे परवानगी आहे तिथे मऊ मातीच्या बांधात बार उडवा, किंवा कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गोळी बाहेर काढायचं साधन वापरा.

९. अडकलेली भरती काढणं

दारू घालायचीच राहिली असेल तर: कानातून कानकोरणीने थोडी थोडी फोर-एफ आत सारा, चार-पाच ग्रेन जाईल तेवढी. मग गजाने गोळी पुन्हा पूर्ण खाली दाबा. हे विसरू नका, नाहीतर वर सांगितलेली पोकळी तयार होते. रंजूक घाला, मातीच्या बांधाकडे रोखून उडवा. गोळी आळसावल्यासारखी बाहेर पडेल. गोळी नळीच्या मध्येच थांबली तर पुन्हा उडवू नका, ती गजाने खाली बसवा आणि मगच पुन्हा तेच करा.

दारू आहे पण ओली आहे, तर आधी ती पूर्ण निकामी करा. प्याला रिकामा, गार काढून ठेवलेली, कानातून पिचकारीने पाणी, आणि दहा मिनिटं थांबा. मग गजाला गोळी उपसायचा स्क्रू लावा. स्क्रूला पितळी कडं असलं की तो नळीच्या मध्यावर राहतो. तीन-चार फेरे घट्ट रुतवून सरळ ओढा. लाकडी गज यासाठी वापरू नका, धातूचा, मूठ असलेला वापरा. ओढताना शरीर तोंडासमोर नको. नंतर नळी धुवून पूर्ण कोरडी करा.

टोपीची बंदूक असेल तर

ऑक्टोबरच्या हंगामात टोपीची चालते, आणि "टोपी फुटते, बार नाही" ही तिची तीच तक्रार. कान आणि प्याल्याच्या जागी निपल, म्हणजे टोपी बसते ती पोकळ बोंडी, समजा. भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडा, दुसरी फोडताना तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरा. पान हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर निपल पान्याने काढून तारेने साफ करा, आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो निघणार नाही. टोपी पहिल्या फटक्याला फुटत नाही, दुसऱ्याला फुटते, तर ती निपलवर पूर्ण खाली बसलेली नाही किंवा निपलचं डोकं चेपलंय. निपल बदला.

१०. कानाचा स्क्रू, आणि इथे थांबा

बऱ्याच बंदुकांत कान म्हणजे बदलता येणारा स्क्रू असतो. भोक १/१६ इंचाचं असावं. झिजून फार मोठं झालं तर दाब बाजूला निसटतो, गंजून लहान झालं तर झळ आत जात नाही. त्याच मापाच्या आट्यांचा नवा स्क्रू घरी बसवायला हरकत नाही, पण आतल्या तोंडाने तो नळीच्या पोकळीत डोकावत नाही ना ते पाहा. तो बसता बसत नसेल, आटे सैल लागत असतील, तर जोर लावू नका. सैल आट्यांचा स्क्रू बारासरशी गोळीसारखा बाजूला उडतो. भोक ड्रिलने मोठं करण्याचा मोह बहुतेकांना होतो. एक अंक मोठं ड्रिल लागलं की ते परत लहान करता येत नाही.

इतकं करूनही दोष राहिला, किंवा खालचं काही दिसलं, तर पुढचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. तोही ठासणीच्या बंदुका जाणणारा हवा.

फ्रिझनवर गार खोल खाचा पाडतेय आणि ठिणगी नाही, म्हणजे पोलाद मऊ पडलंय. कानस फिरवल्यावर ती घसरली पाहिजे, रुतली तर मऊ. फ्रिझनला पुन्हा पाणी देणं हे भट्टीचं काम आहे. घरच्या गॅसवर तापवून बुडवलेलं फ्रिझन तडकतं.

घोडा अर्ध्यावर टिकत नाही किंवा चाप न ओढता सुटतो. खाचेला कानस लावू नका. ही बंदूक दुरुस्त होईपर्यंत भरायची नाही.

मुख्य स्प्रिंग मंद झालीय, फ्रिझन पूर्ण उघडत नाही, किंवा घोडा पडल्यावर लॉक दस्त्यात हलतं. स्प्रिंग पकडीने दाबून काढायला गेलात तर ती तुटते.

लॉक आणि नळी यांच्यामध्ये फट आहे आणि रंजूक त्यातून आत गळते. ती फट मेणाने तात्पुरती बुजवता येते, पण दस्त्यातल्या लाकडाखाली दारू साठत असेल तर एक दिवस तीही पेटते.

नळीवर बोट फिरवताना कडं आल्यासारखं लागतं, किंवा गज जाताना एका जागी अचानक सैल होतो. नळी फुगली आहे. यावर उपाय नाही, नळी बदलायची.

बुडाचा मोठा स्क्रू घरी काढू नका, कोणत्याही कारणासाठी. त्याला योग्य पाना आणि शिकंजा लागतो, आणि परत बसवताना तो पाव फेरा जरी कमी-जास्त झाला तर कानाची जागा चुकते.

कारागिराकडे बंदूक रिकामी, धुतलेली आणि गार काढलेली न्या. सोबत तुमचीच गार, तुमच्याच दारूचा प्रकार आणि माप, चिंधीची जाडी आणि वरच्या पाचांतलं नेमकं कोणतं लक्षण दिसतं ते कागदावर लिहून द्या. किती बारांनंतर, कोणत्या हवेत, हेही. त्याला अर्धा दिवस शोधत बसावं लागणार नाही, आणि तुमचा हंगामातला आठवडा वाचेल.